आखाजीपर्यंतच्या शंका

एप्रिल लागला की आमच्या ऑफिसच्या जिन्यात कांद्याची टरफलं येऊन बसतात. ऑफिस नाशिकच्या पेठ रोडला, खाली ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, आणि समोरून दिवसभर उन्हाळ कांद्याच्या गाड्या बाजाराकडे जात असतात. वारा सुटला की ती गुलाबी पातळ फोलपटं उडत वर येतात, दाराच्या फटीतून आत शिरतात आणि कुणाच्या तरी कीबोर्डवर पडतात. पूर्वी मी ती झाडून काढायचे. आता नाद सोडून दिलाय. बाहेर ऊन असं की स्कूटीच्या सीटवर टेकायची हिंमत होत नाही, आणि आत कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास. कांदा आणि वाळा हे दोन वास एकत्र आले की मला दरवर्षी तोच एक उन्हाळा आठवतो. आमचं सगळं सॉफ्टवेअर जुन्या घरातून उचलून आम्ही नव्या घरात नेलं, तो.

उन्हाळे आठवायचे ते आंब्याचे, लग्नांचे, मामाच्या गावचे. प्रोग्रॅम बदलल्याचा उन्हाळा आठवणारी बाई जरा विचित्रच म्हणायची. पण माझं अर्धं आयुष्य पडद्यासमोर गेलंय, मग आठवणी तरी दुसऱ्या कुठून आणू?

आम्ही कांदा व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर काट्यावर चढतो, भरल्या गाडीचं वजन होतं, माल खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या आवारात, उतरतो, मग रिकाम्या गाडीचं वजन होतं. दोन्हीतला फरक म्हणजे कांदा. तो निवडला जातो, गोलटी, म्हणजे बारका कांदा, वेगळी होते, उरलेला साठवणीच्या चाळीत जातो, आणि चाळीत पडल्या पडल्या दिवसागणिक वजनाला घटत जातो. हे सगळं टिपून ठेवणारा आमचा प्रोग्रॅम बागुल काकांनी लिहिला होता. निळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊसचं नाव नाही. दिसायला एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीसारखा. रूप नाही, पण उत्तर लगेच. खळ्यावरची माणसं पडद्याकडे न बघता, शेतकऱ्याशी गप्पा मारत त्यात आकडे भरायची.

बागुल काका सटाण्याकडचे. काका म्हणजे सगळ्या ऑफिसचेच काका. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला टेस्टर कशाला, असं मी नवी होते तेव्हा विचारलं होतं. तर म्हणाले, "लाइट गई ते पह्यलं काय पाहशी? प्रोग्रॅम का बोर्ड?" थट्टा करायची असली की ते अहिराणीत शिरायचे. गंभीर काही असलं की स्वच्छ, पुस्तकी मराठी. त्यामुळे ते शुद्ध बोलायला लागले की आम्ही सावध व्हायचो. मी त्यांच्या हाताखाली शिकले. चुकलं तर ते ओरडायचे नाहीत, नुसती खुर्ची जवळ ओढायचे.

बदल करायचा हे मंगेशनं ठरवलं. मंगेश म्हणजे कंपनीचा मालक आणि माझा कॉलेजातला वर्गमित्र, म्हणून ऑफिसात सगळे त्याला सर म्हणतात आणि मी अरेतुरे करते. त्याचंही चूक नव्हतं. आमच्या प्रोग्रॅमची जुनी भाषा ज्यांनी बनवली त्यांनीच तिच्यावरचा हात काढून घेतला होता. नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम कुरकुरत चालायचा, कधी चालायचाच नाही. शिवाय व्यापाऱ्यांची मुलं शिकून आली होती, त्यांना सगळं मोबाइलवर हवं होतं. तेव्हा मंगेशनं एक नवा प्लॅटफॉर्म आणला. त्यात म्हणे फार लिहायचंच नाही. चौकटी ओढायच्या, जागेवर सोडायच्या. आणि जुना प्रोग्रॅम त्याला दाखवला की तो स्वतः वाचून नवा लिहून देतो.

"चालस ना बठ्ठं? मंग बदलानं कसाले?" काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं. चालतंय ना सगळं, मग बदलायचं कशाला?

"काका, आज चालतंय. पुढच्या वर्षी नाही चालणार," मंगेश म्हणाला.

मग शंका सुरू झाल्या. देवळा तालुक्यात दुपारी नेट जातं, तेव्हा काट्यावर उभ्या ट्रॅक्टरवाल्याला काय सांगायचं? जुना ठोकळा प्रिंटर, जो करकरत तीन प्रती एकदम काढतो, तो याला ओळखेल का? हा प्लॅटफॉर्म ज्यांचा आहे त्यांनी उद्या दुकान बंद केलं तर आपण कुणाच्या दारात जायचं? त्यानं लिहिलेलं चुकलं तर दुरुस्त कुठं करायचं, आपल्याला ते दिसणार तरी का? काका एकेक विचारत आणि मंगेश एकेकाला उत्तर देई, किंवा 'बघू' म्हणे. ऋतुजा हे ऐकून वैतागायची. ती तेव्हा नुकतीच नाशिकच्याच कॉलेजातून इंजिनिअर होऊन आलेली, नव्याचं सगळं काम तिच्याकडे. ती मला म्हणायची, "मॅडम, काकांना हे नकोच आहे. सरळ सांगत नाहीत, म्हणून शंका काढतात."

मला तसं वाटत नव्हतं. माझे वडील प्राथमिक शिक्षक. कळवण तालुक्यात त्यांच्या इतक्या बदल्या झाल्या की आमच्या घरात पोती कधी पूर्ण रिकामी होतच नसत. नव्या गावाचं नाव कळलं की आई आधी हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे. ती विचारायची. पाणी कुठून आणायचं? शेजार कसा आहे? आपल्या लोकांची वस्ती किती लांब? आणि शेवटी, परत यायची एसटी किती वाजता? वडील चिडायचे, बदलीचा हुकूम काय मी काढलाय, म्हणायचे. पण मला ते पुरतं कळलं होतं. जिला जायचंच नसतं ती प्रश्न विचारत बसत नाही, ती माहेरी निघून जाते. आई प्रश्न विचारता विचारता भांडी बांधत असायची. नव्या खोलीत पोचल्यावर भिंतीला पहिला खिळा तीच ठोकायची, बुद्धांची तसबीर लावायला, आणि मग चूल.

काका तसेच वाटायचे मला. शंका काढत होते आणि नवं शिकतही होते. माऊस त्यांच्या हातात सापडलेल्या उंदरासारखाच निसटायचा. सवयीनं बोट एफ-दोनवर जायचं, त्यानं नव्यात भलतंच काहीतरी उघडायचं. माझंही तेच होत होतं, खोटं कशाला बोलू. पण काका बोलत होते तोवर मला बोलायची गरज पडत नव्हती. माझ्या वाटणीच्या शंकाही तेच विचारत होते.

त्या दिवसांत एकदा मंगेश फारच घाई करायला लागला, तेव्हा काका हसत म्हणाले, "आखाजीपावत पाहसू. मंग मन्हं साल सरनं."

हे सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला त्यांच्याकडे आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. पण आखाजीची आणखी एक ओळख आहे. वर्षभर शेतावर राबणाऱ्या सालदाराचं साल त्या दिवशी संपतं आणि त्याच दिवशी नवं ठरतं. काकांचे वडील सालदार होते. 'मला ठेवा' असं सालदारानं आपल्या तोंडानं म्हणायचं नसतं, असं काकांनीच कधीतरी सांगितलं होतं. मालकानं विचारायचं असतं. दुपार टळली आणि मालकानं विचारलं नाही, की काय ते समजायचं आणि घोंगडी उचलायची.

ऑफिसात याची एक गंमत होऊन बसली होती. दर आखाजीला काकू सांजोऱ्यांचा डबा पाठवायच्या. काका डबा मधल्या टेबलावर ठेवायचे आणि गप्प उभे राहायचे. मग मंगेश मालकासारखी छाती काढून विचारायचा, "काका, औंदा साल कोनाकडे?" काका थोडा वेळ छताकडे बघायचे, जसं काही दहा ठिकाणांहून बोलावणं आलंय, आणि म्हणायचे, "आठेच." म्हणजे इथेच. मग डबा उघडायचा. एवढंच. पण हसता हसता माणूस आणखी एक वर्ष आपला व्हायचा.

म्हणून ते 'साल सरनं' मी थट्टेवारी नेलं. तेव्हा तरी.

चैत्राच्या तोंडाशी पहिली चाचणी झाली. देवळ्याच्या एका खळ्यावर नवा प्रोग्रॅम लावला. व्यापारी ओळखीचे, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, स्वभाव मोकळा. सकाळी दोन-चार ट्रॅक्टर झाले आणि त्यांचा फोन आला. ऋतुजानं तो स्पीकरवर टाकला.

"ओ मॅडम, ही पावती काय काढली तुम्ही? वरचे वजन, खालचे वजन? आमच्या ट्रॅक्टरला वरचं-खालचं वजन कवापासून आलं?"

"म्हणजे काय झालं, भाऊसाहेब?" ऋतुजानं विचारलं.

"आता शेतकरी इचारतोय ना, खालचं म्हंजी चाकाचं का? कांदा तर वर हाय, मंग खालचं कशाला वजा करता? लय डोकं खाल्लं राव त्यानं. म्या म्हणलं, थांब बाबा, नाशिकला इचारतो, ट्रॅक्टर उलटा करून मोजायचा का काय."

मंगेश टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. ऋतुजा आधी लाजली आणि मग तीही हसली. आम्ही शोध घेतला. काकांनी जुन्या प्रोग्रॅममध्ये रकान्यांची नावं मराठीतच ठेवली होती, फक्त इंग्रजी अक्षरांत. गोणी, गोलटी, काटा, तूटफूट. भरल्या गाडीच्या वजनाला 'भारी' आणि रिकाम्या गाडीच्या वजनाला 'खाली'. आमच्याकडे काट्यावर रिकाम्या गाडीला खालीच म्हणतात. 'खाली करून आण' म्हणजे माल उतरवून ये. नव्या प्लॅटफॉर्मनं ते वाचलं आणि पावतीवर 'खाली वजन' छापलं. तेवढं असतं तर निभावलं असतं. पण ऋतुजा शहरातली. तिच्या मराठीत खाली म्हणजे पायाशी. तिला वाटलं, व्याकरण गंडलंय. तिनं ते सुधारून 'खालचे वजन' केलं, आणि मग त्याला जोडी हवी म्हणून 'भारी'चं 'वरचे वजन'.

ऋतुजानं ती जुनी ओळ मोठी करून भिंतीवरच्या पडद्यावर लावली. 'खाली' हे नाव हाताएवढं झालं. "पण असं नाव कोण ठेवतं हो?" ती हसून डोळे पुसत म्हणाली, आणि आम्ही पुन्हा हसलो. मीही.

काका चहाच्या टपरीवरून येऊन दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे. त्यांनी पडद्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, "नाव मीच ठेवलं होतं. कुणी दुसरं वाचेल असं तेव्हा वाटलं नव्हतं." आणि जागेवर जाऊन बसले.

आम्ही आमच्या चुकीला हसत होतो की त्यांच्या नावाला? खरं सांगायचं तर दोन्हीला. हसताना कोण एवढे कप्पे करतं? पण दारातून ऐकणाऱ्याला एकच हसणं ऐकू येतं.

चूक पाच मिनिटांत दुरुस्त झाली. भरलेली गाडी, रिकामी गाडी, असं सरळ लिहिलं. भाऊसाहेब खूश. चाचणी पुढे चालू राहिली. आणि काकांच्या शंका बंद झाल्या.

आधी माझ्या ते लक्षातच आलं नाही. ऑफिस शांत झालं होतं आणि सगळ्यांना ते बरं वाटत होतं. काका वेळेवर येत, सांगितलेलं करत, माऊस धरत, चौकटी ओढत. मंगेश म्हणे, "झाले तयार काका." प्रिंटरचं काय ठरलं, हे त्यांनी विचारलं नाही. नेट गेल्यावर काय, हेही नाही. एकदा ऋतुजा काहीतरी चुकीचं जोडत होती, मला ते लांबून दिसत होतं. काका तिच्या शेजारीच होते. त्यांनी बघितलं आणि मान खाली घातली. खुर्ची ओढली नाही. तेव्हा मला कळलं. काका अजून ऑफिसात येत होते, पण मनानं निघाले होते.

गंमत म्हणजे ऋतुजाच माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, काका काहीच बोलत नाहीत. आधी राग यायचा मला. आता भीती वाटते. माझं काय चुकतंय ते सांगणारं कुणी उरलं नाही."

मी तिला काय सांगणार? मीच घाबरले होते. काकांनंतर जुनं जाणणारी मी एकटी, आणि नवं कळायला मला अजून अवकाश होता. पण नुसती ती भीती नव्हती. मला ते हवे होते. तिथं, त्या खुर्चीत, टेस्टरसकट. शिकवणारा माणूस आपल्यासमोर हळूहळू मुका होतो, हे बघवत नव्हतं.

यंदा पुन्हा बदलाची भाषा सुरू झाली आहे. तो नवा प्लॅटफॉर्म आता जुना झाला म्हणे, त्याहून नवं काहीतरी आलंय. परवा मीटिंगमध्ये सगळ्यात आधी हात वर केला तो ऋतुजानं. "पण चालतंय ना सगळं?" ती म्हणाली. तिच्या हाताखालच्या दोघी एकमेकींकडे बघून डोळे फिरवू लागल्या. मला एवढं हसू फुटलं की पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर यावं लागलं. माणसाच्या केसांआधी त्याच्या सवयी पिकतात. आणि शंका बहुतेक प्रेमातूनच येतात. ज्याच्याशी आपला काही संबंध नाही, त्याचं उद्या काय होईल, असं कोण विचारत बसतं?

तर ती आखाजी. ऊन तापलेलं, रस्त्यावर आंब्याच्या गाड्या, खालच्या दुकानात सुट्टीसारखी शांतता. काका नेहमीसारखे आले. त्यांनी डबा आणला होता. तो मधल्या टेबलावर ठेवला, थोडा वेळ उभे राहिले आणि जागेवर जाऊन बसले.

मंगेशनं विचारलं नाही. मी त्याच्या केबिनमध्ये गेले. "अरे, विचार ना."

"आणि ते नाही म्हणाले तर?" तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "सुजाता, ते वैतागलेत. आपण भरीस घालायला नको. ज्याची त्याची मर्जी असते."

म्हणजे हा त्यांचा मान राखत होता. आणि बाहेर ते, मालकानं विचारलं नाही, याचा अर्थ लावत होते. दोन भली माणसं, मध्ये एक दार, आणि दोघंही आपापल्या बाजूला गप्प. असा संताप आला मला! भांडखोर माणसं परवडली, निदान आवाज तरी येतो.

जेवणं झाली. कुणी डब्याला हात लावला नाही. सांजोऱ्यांच्या तुपाचा वास सगळ्या खोलीत होता आणि सगळे जण कामात असल्याचं दाखवत होते. दुपार कलायला लागली तशी काकांनी टेबलाचा खण आवरायला घेतला. जुनी चष्म्याची डबी, फडकं, वायरचे तुकडे एका पिशवीत गेले. मग ते उठले, मधल्या टेबलापाशी आले आणि डबा परत न्यायला त्यांनी हात लावला.

मी मालक नाही. मला विचारायचा काही हक्क नव्हता. अहिराणी तर मला येतच नाही, नुसती कानावरून गेलेली. तरी मी उठले आणि जमेल तसं म्हटलं, "काका, औंदा साल कोनाकडे?"

मंगेश केबिनच्या दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. "सांगा ना काका," तो म्हणाला, "साल कोनाकडे?"

काकांनी डब्यावरचा हात काढला नाही. छताकडेही बघितलं नाही. ते आमच्याकडे बघत, शुद्ध मराठीत बोलले.

"राहीन. पण एक गोष्ट ठरवून घेऊ. या नव्यात मी चुकणार, आणि तुमच्यापेक्षा जास्त चुकणार. तेव्हा हसायचं असेल तर माझ्यासमोर हसा. मी चहाला गेलो असेन तर येईपर्यंत थांबा. पण समोर हसा."

ऋतुजा रडायलाच लागली. काकांनी तिच्या हातात सांजोरी ठेवली. पिशवीतल्या वस्तू खणात परत जायला संध्याकाळ झाली.

पुढच्याच आठवड्यात काकांनी एक चौकट उचलून दुसरीकडे नेताना अख्खी पावती पुसून टाकली. नाव, वजन, सगळं गेलं, पडदा पांढराफटक. ऋतुजानं ओठ दाबून धरला होता, मी कीबोर्डवरचं टरफल उचलण्याचं नाटक करत होते. काकांनी खुर्ची वळवली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

"हासा ना मंग!"

मग काय विचारता. ऋतुजा फुटली, मी फुटले, मंगेश आतून काय झालं म्हणून धावत आला आणि न कळताच हसायला लागला. काका सगळ्यांत जास्त हसले, खोकला येईपर्यंत. मग डोळे पुसून त्यांनी त्या पांढऱ्या पडद्याकडे बोट दाखवलं.

"पन एक सांगा. आसं एका बोटवर बठ्ठं पुसाई जास, आन् कोन्ही आडवत नही? खळावर कोनी करं ते?"

खळ्यावर कुणाकडून असं झालं तर, ही काकांची नवी शंका. मंगेशनं एक खुर्ची ओढली, ऋतुजानं दुसरी, आणि आम्ही सगळे काकांभोवती बसलो.